रिसीव्हरला राखीव वीज: ४एस विमानावरच्या कामाच्या नोंदी

रेडिओने उडवायच्या माझ्या मॉडेल विमानात रिसीव्हरची (ट्रान्समीटरचे हुकूम विमानात घेणाऱ्या डबीची) वीज हवेतच गेली, त्यावर केलेल्या कामाच्या या नोंदी. विमान कसलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कुणालाही आपल्या विमानाशी ताडून बघता येतील. सनपॅक शीट (पोकळ प्लॅस्टिकचा पत्रा) आणि डेप्रॉनचं (फोमचा पत्रा), घरीच कापून जोडलेलं हाय-विंग, म्हणजे पंख धडाच्या वर. पंख दीड मीटर, उडताना वजन १.८ किलोच्या आसपास. बॅटरी ४एस (चार सेल सिरीजमध्ये) २२०० एमएएच लिपो. ईएससी (मोटरचा वेग ठरवणारा) ५० अँपिअरचा, बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना ५ व्होल्ट देणारा भाग) त्याच्या पोटातच. सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) सहा: एलेरॉनला दोन, फ्लॅपला दोन, एलिव्हेटर आणि रडर, सगळे छोटे, मेटल गिअरवाले. रिसीव्हर फ्रस्काय एक्स८आर, ट्रान्समीटरवर एजटीएक्स हे सॉफ्टवेअर. उडवतो मिरजेच्या पूर्वेला एका माळावर. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशात तो हिरव्या पट्ट्यात आहे, ४०० फुटांच्या खाली राहिलं की परवानगीची भानगड नाही. माळाच्या दोन बाजूंना मात्र ऊस उभा असतो.

१७ नोव्हेंबर २०२४

फ्लॅप टाकून टच-अँड-गो (टेकवून लगेच पुन्हा उचलणं) चालले होते. वळण घेतानाच ट्रान्समीटर बोलला, "टेलिमेट्री लॉस्ट", म्हणजे विमानाकडून येणारी माहिती तुटली. विमानाने नाक खाली घातलं. थोड्या वेळाने "टेलिमेट्री रिकव्हर्ड", एलिव्हेटर हातात आला, पण मोटर गप्पच. थ्रॉटल पार शून्यावर आणून परत दिला तेव्हा फिरली. उंची होती म्हणून वाचलो.

उतरल्यावर अण्णांचं (आमच्यातले सगळ्यात जुने, नायट्रो इंजिनांच्या काळापासूनचे) पहिलं मत पडलं की अँटेना बघ, रेंज गेली असणार. मला ते पटलं नाही. विमान शे-दीडशे मीटरवर होतं आणि आरएसएसआय (सिग्नलची ताकद) चांगला होता. शिवाय नुसता सिग्नल गेला असता तर तो परत येताच मोटर आपसूक फिरली असती. माझा ईएससी थ्रॉटल शून्यावर आणल्याशिवाय जागा होत नाही तो फक्त वीज जाऊन परत आल्यावर. म्हणजे ईएससीच्या आतले ५ व्होल्टच गेले होते आणि त्यांच्याबरोबर रिसीव्हरही.

१९ नोव्हेंबर

प्रोपेलर काढून विमान टेबलावर घेतलं. ईएससी बाहेर काढून उघड्यावर ठेवला आणि दोन्ही स्टिक घुसळत बसलो. रिसीव्हरचा व्होल्टेज (एजटीएक्समध्ये हा सेन्सर आरएक्सबीटी नावाने दिसतो) ५.० वरून ४.७ पर्यंत यायचा आणि परत वर जायचा. बाकी काही नाही. तासभर यात गेला.

मग ईएससी त्याच्या जागी बसवला, झाकण लावलं, फ्लॅप पूर्ण खाली सोडले आणि पुन्हा घुसळायला घेतलं. काही मिनिटांत सगळं मेलं. झाकण उघडून ईएससीला बोट लावलं, ठेववेना. गार झाल्यावर बीईसी आपोआप परत चालू. तापला की बंद, निवला की चालू, हे लिनियर रेग्युलेटरचंच वागणं.

हिशोब साधा आहे. भरलेली ४एस १६.८ व्होल्ट. त्यातले ५ सर्व्होंना, उरलेले ११.८ व्होल्ट नुसती उष्णता. सहा सर्व्होंनी मिळून सरासरी एक अँपिअर घेतला तर जवळजवळ १२ वॉट डेप्रॉनच्या बंद डब्यात. वर "५ व्होल्ट ३ अँपिअर" छापलंय ते खोटं नाही, पण ईएससीबरोबरच्या कागदावर खाली बारीक अक्षरात तक्ता होता: ३एसवर पाच सर्व्हो, ४एसवर तीन. माझ्याकडे सहा. याच विमानात आधी ३एस होती तेव्हा काही झालं नाही, हिवाळ्यात ४एस घातली आणि तक्त्याकडे कुणी बघितलं नाही.

फ्लॅप खाली असतानाच का, हेही सापडलं. कान लावल्यावर डावा फ्लॅप सर्व्हो गुणगुणत होता. एक्स्टेन्शनची लाल तार कापून मध्ये मल्टीमीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावला. हा एकटा सर्व्हो नुसता उभा राहून अर्ध्या अँपिअरच्या वर घेत होता. बिजागराच्या टोकाला फ्लॅप टेकत होता आणि सर्व्हो तो आणखी ढकलू पाहत होता. ट्रान्समीटरमध्ये आउटपुटच्या पानावर त्याची हद्द थोडी कमी केली, गुणगुण थांबली, करंट नगण्यावर आला. या दुरुस्तीला खर्च शून्य. पुढचं सगळं वाचायचा कंटाळा आला तरी आपल्या विमानाचे सर्व्हो शांत खोलीत एकदा ऐकून घ्या.

२४ नोव्हेंबर

स्विचिंगचा वेगळा यूबीईसी (ईएससीबाहेरचा बीईसी, जास्तीचे व्होल्ट उष्णतेत न घालवणारा) आणला: ५ आणि ६ व्होल्ट जंपरने बदलता येतात, ३ अँपिअर, साडेपाचशे रुपये. तो थेट मुख्य बॅटरीच्या एक्सटी ६० प्लगवर घेतला. ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढायची असते: प्लगवरची प्लॅस्टिकची जीभ टाचणीने किंचित उचलली की पिन मागे सरकते. ती कापू नका, दुमडून हीट श्रिंक घाला. उद्या ईएससी दुसऱ्या विमानात जाईल तेव्हा लागते. काळी आणि पांढरी तार तशीच राहू द्यायची.

उडवून आलो. यूबीईसी हाताला कोमटसुद्धा लागला नाही. मी खुशीत होतो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "एक काढलास, एक घातलास. हाही एकच की रे. हा बसला तर?"

बरोबरच आहे. घरी येऊन कागद घेतला आणि काय काय बसू शकतं ते लिहिलं. यूबीईसी जळणं. त्याचं इनपुटचं सोल्डर सुटणं. एक्सटी ६० ढिला होणं. मुख्य पॅकमधला एखादा सेल अचानक कोसळणं. (पॅक हळूहळू उतरला तर काळजी नाही, ईएससी आधी मोटर तोडतो आणि सर्व्होंपुरतं बॅटरीत उरतं.) या चारही वेळी दुसरीकडून वीज मिळाली तर विमान, लागलं तर मोटरशिवायसुद्धा, उतरवता येईल. पाचवी गोष्ट म्हणजे सर्व्होच आतून शॉर्ट होणं. त्यात राखीव वीज काही करू शकत नाही, कारण सगळे सर्व्हो रिसीव्हरच्या एकाच पट्टीवर असतात आणि दुसरी बॅटरीही त्याच शॉर्टमध्ये वाहून जाते. हे माहीत असून पुढे जातोय.

२८ नोव्हेंबर

आधी सुपरकपॅसिटर करून बघितला, कारण बॅटरी म्हटली की चार्जिंग आलं. २.७ व्होल्ट १० फॅरडचे दोन सिरीजमध्ये: मिळून ५ फॅरड, ५.४ व्होल्ट. म्हणजे यूबीईसी ५ व्होल्टवरच ठेवावा लागतो, ६ वर गेला की कपॅसिटर धोक्यात.

सरळ रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टात लावला तर विमान सुरूच होईना. रिकामा सुपरकपॅसिटर यूबीईसीला शॉर्टसारखाच दिसतो. तो दम टाकतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा दम टाकतो, आणि रिसीव्हरचा दिवा नुसता लुकलुकतो. मग कपॅसिटरच्या वाटेत १० ओहमचा रेझिस्टर घातला आणि त्याला समांतर एक शॉटकी डायोड (वीज एकाच दिशेने सोडणारा, स्वतः कमी व्होल्ट खाणारा) असा, की भरताना वीज रेझिस्टरमधून हळू जावी आणि देताना डायोडमधून सरळ यावी. आता सुरू होतं, फक्त भरायला दोन-तीन मिनिटं लागतात.

यूबीईसी ओढून काढला आणि स्टिक घुसळल्या. तीन-चार सेकंदांत ४ व्होल्टच्या खाली. गणितही तेच सांगतं: डायोड वजा जाता हाताशी ०.७ व्होल्ट, गुणिले ५ फॅरड, भागिले एक अँपिअर, साडेतीन सेकंद. १७ तारखेसारखी उचकी यातून निभावली असती. पण एक्सटी ६० सुटला तर विमान वळवून, वारा बघून, खाली आणायला मिनिट-दीड मिनिट हवं. शिवाय बॅटरी काढल्यावर व्होल्टेज हळूहळू पडत जातो आणि सर्व्हो मरता मरता झटके देतात. एलेरॉनचा हॉर्न (सर्व्होची सळई जोडायचा कान) त्यात एकदा सनपॅकमधून उपटला. कपॅसिटरच काढून टाकला. कपॅसिटर २४० रुपये, वाया.

अण्णांच्या विमानात ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलाय, "ब्राउनआउट प्रोटेक्टर" म्हणून मिळतो तो. त्याला तेच सूत्र लावून बघा. २ अँपिअरला एक व्होल्ट पडायला जेमतेम २.३५ मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला याच्या पन्नासपट वेळ जातो. सर्व्होच्या धक्क्याने येणारे बारीक खड्डे तो बुजवतो, तेवढंच त्याचं काम. बॅकअप म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

३ डिसेंबर

निकेल मेटल हायड्राइड. इंजिनवाल्या विमानांत वर्षानुवर्षं चार सेलचा पॅकच रिसीव्हर चालवत आला, तेव्हा हे सोपं जाईल असं वाटलं. घरात चांगल्या एएए सेल होत्या, चार सेलचं होल्डर ३० रुपये.

भार म्हणून गाडीच्या ब्रेकलाइटचे १२ व्होल्ट २१ वॉटचे दोन बल्ब समांतर. ५ व्होल्टवर एक बल्ब साधारण एक अँपिअर घेतो, म्हणजे दोन मिळून दोन. घरी बेंच-लोड नसेल तर हा उत्तम पर्याय आहे आणि कुठल्याही गॅरेजात फुकटसुद्धा मिळेल. भरून रात्रभर ठेवलेला पॅक ५.३ व्होल्ट. बल्ब लावताच, डायोडच्या पुढे (पॅक आणि यूबीईसी एकमेकांत वाहू नयेत म्हणून तो लागणारच), ३.९.

होल्डरच्या स्प्रिंगा बोटाने दाबल्या की आकडा वर जायचा. मग सेल पट्ट्यांनी जोडलेल्या घेतल्या: ४.३. एक्स८आर ४ व्होल्टपर्यंत चालतो, म्हणजे कागदावर पास. पण हे भरलेल्या पॅकचं झालं. अर्धा उतरलेला आणि थंडीतल्या सकाळी सातचा पॅक किती देईल?

एए घेतल्या तर सेलचा अंतर्गत रोध कमी, पण चार सेल म्हणजे १०० ग्रॅमच्या वर. अण्णा म्हणाले पाचवी सेल घाल. ते दिसायला सोपं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. डायोडने जोडलेल्या दोन विजांमध्ये ज्याचा व्होल्टेज जास्त तो आधी वाहतो. पाच सेल ताज्या भरल्या की ७ व्होल्ट, माझा यूबीईसी जास्तीत जास्त ६. म्हणजे उड्डाण सुरू होताच आधी राखीव पॅकच खर्च होणार, आणि खरी वेळ येईल तेव्हा त्यात किती उरलंय याचा पत्ता नाही. २एस लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचंही तेच, ६.६ व्होल्ट.

दोन्ही व्होल्टेज आपल्या ताब्यात हवेत. दोन्हींत ठरलेलं अंतर हवं.

७ डिसेंबर

आराखडा ठरला: २एस ४५० एमएएचची छोटी लिपो, तिला स्वतःचा दुसरा यूबीईसी. मुख्य यूबीईसी ६ व्होल्टवर, राखीव ५ व्होल्टवर. प्रत्येकाच्या लाल तारेत एकेक शॉटकी डायोड, डायोडवरची चंदेरी पट्टी रिसीव्हरकडे. दोघांचे प्लग वेगळे, रिसीव्हरच्या दोन रिकाम्या पोर्टांत. रिसीव्हरच्या आत प्लस-मायनसची पट्टी एकच असते, त्यामुळे कुठेही लावलं तरी चालतं, आणि एक प्लग निघाला तर दुसरा राहतो. सर्व्हो ६ व्होल्टचे आहेत ना हे प्रत्येकाच्या कागदावर बघितलं. आहेत.

डायोड: १एन ५८२२, ३ अँपिअर, ४० व्होल्ट. दुकानातून पुडीत बांधून आणले. बसवले, मापले, आणि मुख्य बाजूला रिसीव्हरवर ६ चे ५.१ च दिसायला लागले. वायर बदलली, प्लग बदलला, सोल्डर परत केलं, संध्याकाळ गेली. शेवटी भिंग घेऊन डायोडवरचं वाचलं तर १एन ५४०८. तोच काळा जाड देह, तीच चंदेरी पट्टी, ३ अँपिअरच, पण साधा सिलिकॉन, ०.८-०.९ व्होल्ट तोच खातो. पुडीत दोन्ही मिसळलेले होते. मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून लावलं की कळतं: शॉटकी ०.१५ ते ०.२ दाखवतो, साधा ०.५ च्या पुढे. बसवायच्या आधी प्रत्येक डायोड असा तपासून घ्या, पाच सेकंदांचं काम आहे.

१० डिसेंबर

जोडणी. १एन ५८२२ चे पाय जाड आणि ताठ असतात. नुसते तारेत लटकवून हीट श्रिंक घातलं आणि हाताने चार वेळा वाकवलं, तर सोल्डरजवळची तार तुटायला आली. मोटरच्या थरथरीत हे आठवडाही टिकणार नाही. म्हणून झिरो पीसीबीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा कापून डायोड त्यावर आडवा बसवला, तारा तुकड्याच्या भोकातून वर-खाली ओवून मग सोल्डर केल्या. ओढ तारेच्या वेटोळ्यावर येते, सांध्यावर येत नाही. वरून पारदर्शक हीट श्रिंक, म्हणजे आतला सांधा बघता येतो.

राखीव लिपोला स्विच लावायचा का यावर अण्णांशी वाद. माझं म्हणणं, स्विच हा स्वतःच खराब होणारा भाग, आणि ज्याच्यावर शेवटची भिस्त त्याच्या वाटेत तो नको. नुसता जेएसटी प्लग ठेवला.

वाढलेलं वजन सगळं धरून ६० ग्रॅमच्या आत. लिपो मोटरच्या मागे नाकात सरकवली, मुख्य बॅटरी बोटभर मागे घेतली, सीजी (गुरुत्वमध्य) जागेवर. दोन्ही यूबीईसी रिसीव्हरच्या अँटेनांपासून जमेल तेवढे लांब ठेवले, आउटपुट तारांना फेराइटच्या कड्यात वेढे दिले. रेंज चेक केला. राखीव लावून आणि काढून आरएसएसआयमध्ये फरक नाही.

१४ डिसेंबर

टेबलावरचे आकडे, रिसीव्हरच्या पोर्टात मल्टीमीटर लावून. प्रोपेलर अर्थातच काढलेला.

फक्त मुख्य: नुसतं उभं असताना ५.७४, घुसळताना ५.५.
फक्त राखीव: उभं ४.७५, घुसळताना ४.५ च्या आसपास.
दोन्ही: मुख्यसारखंच. राखीवच्या तारेत करंट मोजला तर शून्य.

घुसळता घुसळता मुख्य बॅटरी ओढली. सर्व्हो किंचित मंदावले, बास. दिवा लुकलुकला नाही. पुन्हा लावली, पुन्हा ओढली. राखीववरच अर्धा तास चालू ठेवलं, मधूनमधून स्टिक हलवत. डायोड कोमट.

इथे काम संपलं असं वाटू शकतं. पण विचार करा, हे हवेत झालं तर मला कळणार कसं? मोटर बंद पडली तर कळेल. पण नुसता यूबीईसी गेला तर मोटर चालूच राहणार, सर्व्हो चालूच राहणार, आणि मी मजेत लूप मारत राहणार, राखीव रिकामी होईपर्यंत. म्हणजे अपघात टळला नाही, पुढे ढकलला एवढंच.

१५ डिसेंबर

उत्तर त्या एक व्होल्टच्या अंतरातच होतं. मुख्यवर रिसीव्हर कधी ५.४ च्या खाली जात नाही, राखीववर कधी ४.८ च्या वर जात नाही. मध्ये रेघ मारायची ५.१ वर. एजटीएक्समध्ये लॉजिकल स्विच: आरएक्सबीटी ५.१ पेक्षा कमी, अर्धा सेकंद टिकलं तर. स्पेशल फंक्शनमध्ये त्याला आवाज आणि हॅप्टिक (कंपन). आवाज माझाच रेकॉर्ड करून घातला: "राखीव चालू, उतरव." इंग्रजी बाईचा आवाज इतर दहा गोष्टी सांगत असतो, त्यात हा मिसळायला नको.

अर्धा सेकंद ठेवायचं कारण: तो नसेल तर सर्व्होच्या एखाद्या धक्क्याने उगाच ओरड होते. उलट बाजूही लक्षात असू द्या. टेलिमेट्री सेकंदाला मोजकीच मापं पाठवते, मिलिसेकंदांचे खड्डे तिला दिसत नाहीत. सेन्सरचा किमान आकडा उड्डाणानंतर बघणं उपयोगाचं आहे, पण तो चांगला आला म्हणून सगळं चांगलं असं नाही.

यातून एक गोष्ट आयती मिळाली. उडवण्याआधी आधी राखीवचा प्लग लावायचा. रिसीव्हर जागा होतो आणि माझा आवाज ओरडायला लागतो. म्हणजे राखीव जिवंत आहे. मग मुख्य बॅटरी लावायची. ओरड थांबते. म्हणजे मुख्यही जिवंत आहे. दोन्ही बाजूंची तपासणी दर उड्डाणाला, वेगळं काही न करता.

धोकाही तिथेच आहे. या क्रमात मुख्य बॅटरी लागते तेव्हा रिसीव्हर आधीच चालू असतो, म्हणून ईएससी क्षणात सज्ज होतो. थ्रॉटल कट स्विचवर ठेवा आणि प्रोपेलरच्या वाटेत हात नको.

२२ डिसेंबर

खऱ्या उड्डाणात राखीव किती पेलते ते बघायचं होतं. हवेत मुख्य तोडणारं सर्किट करत बसण्यापेक्षा दोन्ही यूबीईसींचे जंपर अदलाबदल केले: राखीव ६ वर, मुख्य ५ वर. आता पूर्ण उड्डाणभर राखीवच वीज देणार आणि मुख्य तिच्या मागे उभी राहणार. अलार्म तेवढ्यापुरता बंद.

सात-आठ मिनिटं उडवलं, मुद्दाम फ्लॅप, लूप, रोल सगळं. उतरून राखीव लिपो चार्ज केली तर ७० एमएएच गेलं. माझ्या अंदाजापेक्षा बरंच कमी. आता फ्लॅप सर्व्हो गुणगुणत नाही हे त्याचं मोठं कारण. या दराने ४५० ची लिपो अर्धा तास सहज नेईल, आपल्याला लागतात दोन मिनिटं. ३०० एमएएचची सुद्धा पुरेल, पण इतकी लहान लिपो घेताना करंट किती देते ते बघून घ्या.

एक गोष्ट दिसली. जोरात रोल मारताना रिसीव्हरवरचा किमान ५.२ पर्यंत गेला होता. २एस भाराखाली ७ व्होल्टच्या जवळ आली की स्विचिंग यूबीईसीला ६ काढायला खाली जागा उरत नाही. राखीव ५ वरच बरी. जंपर पूर्ववत केले, अलार्म चालू केला.

२९ डिसेंबर

माळावरून आलो, मुख्य बॅटरी काढली, विमान खुंटीला टांगलं. संध्याकाळी झाकण उघडलं तर राखीवचा प्लग तसाच, लिपो ४.९ व्होल्ट. दोन सेलची. फुगलेली. पाच-सहा तासांत रिसीव्हर आणि सहा सर्व्होंनी नुसतं उभ्या-उभ्या तिला पिऊन टाकलं. ६५० रुपये. स्विच असता तर वाचली असती का? स्विच बंद करायचाही राहिलाच असता.

इथे एजटीएक्समध्येच सोय आहे. ट्रान्समीटर बंद करताना टेलिमेट्री येत असेल तर तो "मॉडेल अजून चालू आहे" म्हणून अडवतो. ही सूचना सेटिंगमध्ये बंद करता येते आणि माझ्याकडे ती बंद होती, कारण घाईत ती त्रास देते. चालू केली. शिवाय राखीवचा प्लग झाकणाबाहेर काढून त्याला लाल रिबनचा तुकडा बांधला. तो लोंबत असला की विमान खुंटीला नीट टेकतच नाही.

नवी लिपो मागवली. जुनी मिठाच्या पाण्यात घालावी की नाही यावर अण्णांशी दुसरा वाद. शेवटी ब्रेकलाइटच्या बल्बवर पूर्ण उतरवून, टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात दिली.

१२ जानेवारी २०२५

विमान जमिनीवरून चालवत नेताना (टॅक्सी करताना) माझाच आवाज आला: "राखीव चालू, उतरव." उतरवायचं काय, अजून उडालंच नव्हतं. बघितलं तर आरएक्सबीटी ४.७ आणि मोटर मात्र चालू. मुख्य यूबीईसीवरची जंपरची टोपी थरथरीने निघून झाकणात पडली होती. जंपर नसला की हा यूबीईसी ५ वर येतो. म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच व्होल्टेजवर, दोघी थोडं थोडं देत होत्या आणि सगळं "चालत" होतं. अलार्म नसता तर हे कित्येक दिवस कळलं नसतं.

जंपरची टोपी परत न घालता दोन्ही पिना सोल्डरने जोडल्या. राखीववरची टोपी मुद्दाम काढून फेकली, म्हणजे तो चुकून ६ वर जायलाच नको.

आजवरचा खर्च: यूबीईसी दोन, लिपो दोन (एक वाया), डायोड, तारा, प्लग आणि वाया गेलेले कपॅसिटर-होल्डर धरून पावणेतीन हजारांच्या आसपास. नीट ठरवून केलं तर पावणेदोन हजारांच्या थोड्या वर होईल.

१९ जानेवारी

अण्णांना हे आता त्यांच्या फोमच्या ट्रेनरमध्ये हवंय. ते विमान ३एसचं, सर्व्हो तीन, अख्खं वजन ७०० ग्रॅम. त्यात ६० ग्रॅम घालणं मला पटत नाही. त्यांचा ईएससी तक्त्यानुसार या भाराला पुरेसा आहे. आज त्यांच्या ट्रान्समीटरवर ४.६ चा अलार्म लावून दिला, एक्सटी ६० चं सोल्डर नव्याने करून दिलं आणि एलिव्हेटरचा सर्व्हो टोकाला गुणगुणत होता त्याची हद्द कमी केली. त्यांनी ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढू दिला नाही.